१२,३४,५६,७८९ : एका मोठ्या संख्येची पूर्ण तपासणी, पायरीपायरीने

कोणतीही मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिच्याबद्दल काय काय सांगता येते? ती मूळ आहे की संयुक्त, तिला किती विभाजक आहेत, ती पूर्ण वर्ग आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का. संगणकाला विचारले तर उत्तर क्षणात मिळते. पण ते उत्तर कसे आले हे कळत नाही, आणि चुकीची संख्या टाइप झाली असेल तर तेही कळत नाही. म्हणून एकदा तरी सगळे हाताने करावे. साहित्य थोडेच लागते: चौकटीची वही, पेन्सिल आणि साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर.

नमुना म्हणून १२,३४,५६,७८९ ही संख्या घेऊ. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ती पाठ करावी लागत नाही आणि नऊ अंकी असल्यामुळे आठ अंकी कॅल्क्युलेटरवर मावत नाही, त्यामुळे युक्त्या वापराव्याच लागतात. दिसायला ती गमतीची वाटते, पण तिची घडण पक्की आहे. एकावर दहा शून्ये लिहा, त्यातून ९१ वजा करा आणि ८१ ने भागा. बरोबर हीच संख्या येते. ही ओळ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडेल.

पायरी १ : संख्या नीट उतरवा

बहुतेक चुका इथेच होतात. मोठी संख्या उतरवताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात आणि पुढचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून उतरवल्याबरोबर दोन खुणा काढून ठेवा.

पहिली खूण अंकांच्या बेरजेची. १ ते ९ ची बेरीज ४५. दुसरी खूण एकाआड एक अधिक-उणे करून मिळते, उजवीकडून सुरू करून: ९ − ८ + ७ − ६ + ५ − ४ + ३ − २ + १ = ५. पहिल्या खुणेवरून ९ ने भागल्यावरची बाकी कळते, दुसरीवरून ११ ने भागल्यावरची.

दोन्ही का हव्यात? समजा चुकून १२,३४,६५,७८९ लिहिले. अंक तेच, बेरीज तीच ४५, पहिल्या खुणेला काहीच कळत नाही. दुसरी खूण मात्र ५ ऐवजी ७ येते आणि चूक पकडली जाते. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की ११ ची खूण नेहमी बदलते. नुसत्या अंकांच्या बेरजेवर विसंबणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे.

पायरी २ : फुकटात होणाऱ्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ३ ने आणि ९ नेही भाग जातो. ११ ची खूण ५ आली, म्हणजे ११ ने भागल्यास ५ उरतात, ११ बाद.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच कसोटी आहे, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि एकाआड एक अधिक-उणे करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता नऊ अंकी संख्येऐवजी ४५६ ला भागायचे. ७ ने १ उरतो, ११ ने ५ उरतात, १३ ने १ उरतो. ११ ची बाकी आधीच्या खुणेशी जुळली, म्हणजे गटही बरोबर पडले.

इथे आपल्याकडचा खास खड्डा आहे. आपले स्वल्पविराम १२,३४,५६,७८९ असे पडतात, हजारानंतर दोन-दोन अंकांवर. स्वल्पविरामांनाच गट समजून ७८९ − ५६ + ३४ − १२ केले तर ७५५ येते, आणि त्याला काहीच अर्थ नाही. या कसोटीसाठी स्वल्पविराम काढून टाका आणि तीन-तीनचे गट नव्याने पाडा.

त्याच गटांची नुसती बेरीज केली तर २७ आणि ३७ ची कसोटी होते, कारण २७ × ३७ = ९९९. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. पुन्हा १ + ३६८ = ३६९. त्याला २७ ने भागल्यास १८ उरतात, ३७ ने भागल्यास ३६. म्हणजे ३७ बाद. २७ ने भाग जात नाही हे महत्त्वाचे, कारण आपल्या संख्येत ३ हा अवयव बरोबर दोनदाच आहे हे त्यावरून आताच कळले.

१७ साठी अशी सुटसुटीत कसोटी नाही, सरळ भागावे. कॅल्क्युलेटर आठ अंकी असला तरी अडत नाही, संख्या तोडून भागा. आधी १,२३,४५६ ला १७ ने भागा: ७२६२ वेळा, बाकी २. ती बाकी उरलेल्या ७८९ च्या पुढे लिहा: २७८९. त्याला १७ ने भागा: १६४ वेळा, बाकी १. कॅल्क्युलेटर बाकी दाखवत नाही, ७२६२.११७६ असे दशांश दाखवतो. त्या दशांशाला १७ ने गुणून १.९९९२ आले की २ धरणे चालते, पण भाजक मोठा झाला की त्यात घोटाळा होतो. त्यापेक्षा ७२६२ × १७ = १,२३,४५४ काढून १,२३,४५६ मधून वजा करावे. १७ ची बाकी १ आली हे लिहून ठेवा, शेवटी लागेल.

पायरी ३ : ९ बाहेर काढा

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१.

भाग गेला की तोच अवयव पुन्हा तपासायचा. नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे आता ३ नाही. हे २७ च्या कसोटीशी जुळते. शिवाय उरलेली संख्या आठ अंकी आहे, म्हणजे आता ती कॅल्क्युलेटरवर आख्खी मावते.

पायरी ४ : १,३७,१७,४२१ फोडा

इथे खरे काम आहे. नेहमीची रीत म्हणजे ५, ७, ११, १३, १७... असे एकेका मूळ संख्येने भागत जायचे, उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत. ही रीत कधीच फसत नाही, पण या संख्येच्या बाबतीत ५ पासून सुरुवात केली तर भाग जायला तब्बल ५०२ वा भागाकार उजाडतो. इतके भागाकार हाताने न चुकता करणे जवळजवळ अशक्य.

म्हणून तीस-चाळीस छोट्या मूळ संख्यांनी भागून काही हाती लागले नाही की फ्रेंच गणितज्ञ पिअर द फर्माची रीत वापरून पाहावी. सतराव्या शतकातली ही रीत दोन ओळींची आहे. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही लिहिता येते. शाळेत शिकलेले (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² तेच उलटे वाचायचे. म्हणजे आपल्याला असा अ हवा की अ² मधून आपली संख्या वजा केली की पूर्ण वर्ग उरेल.

अ कुठून सुरू करायचा? वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्ण संख्येपासून. वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढू. उजवीकडून जोड्या पाडा: १३ | ७१ | ७४ | २१.

१३ मध्ये ३ चा वर्ग ९ बसतो, उरले ४. पुढची जोडी उतरवली, ४७१. ३ ची दुप्पट ६, ६७ × ७ = ४६९, उरले २. पुढची जोडी उतरवून २७४. ३७ ची दुप्पट ७४, आता ७४१ सुद्धा बसत नाही, म्हणून शून्य. हे शून्य लिहायला विसरू नका, विसरलात तर वर्गमूळ ३७३ वर येऊन थांबेल. शेवटची जोडी उतरवून २७,४२१. ३७० ची दुप्पट ७४०, ७४०३ × ३ = २२,२०९, उरले ५२१२. वर्गमूळाचा पूर्ण भाग ३७०३.

ताळा लगेच करता येतो. कोपऱ्यात लिहिलेल्या ओळीनुसार आपली संख्या एकावर दहा शून्ये भागिले ८१ च्या अगदी जवळ आहे. ९ ने आणखी भागल्यावर खाली ७२९ आले, म्हणजे २७ चा वर्ग. तेव्हा वर्गमूळ १,००,००० ÷ २७ = ३७०३.७०३७ च्या आसपास हवे. तसेच आहे.

आता अ = ३७०४ घ्या. ३७०४² = १,३७,१९,६१६. वजा करा, उरले २१९५. हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढत बसू नका. ५ ने संपणारा प्रत्येक पूर्ण वर्ग २५ नेच संपतो. २१९५ च्या शेवटी ९५ आहेत. बाद.

अ = ३७०५. ३७०५² = १,३७,२७,०२५. वजा केल्यावर ९६०४. शेवटचे अंक ०४, चालतील. अंकांची बेरीज १९, मग १०, मग १, तेही चालेल. १०० चा वर्ग दहा हजार, त्याच्या थोडे खाली. ९८ × ९८ = ९६०४. मिळाला!

म्हणून १,३७,१७,४२१ = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत झाले. असे का झाले ते समजून घ्या, नाहीतर प्रत्येक संख्येवर हीच रीत चालवाल. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत झटपट चालते. ३६०७ आणि ३८०३ मध्ये फक्त १९६ चे अंतर आहे. एक अवयव छोटा आणि दुसरा प्रचंड असेल तर हजारो पावले टाकावी लागतात. तिथे छोट्या मूळ संख्यांनी भागणेच बरे. म्हणून दोन्ही रीती जोडीने, आणि छोटे भाजक आधी.

९ बाहेर न काढता थेट १२,३४,५६,७८९ वर ही रीत चालवली असती तर? ११,११२ पासून सुरू करून उरले असते १९,७५५, मग ४१,९८०, मग ६४,२०७. पहिल्याच्या शेवटी ५५, दुसऱ्याच्या शेवटी एकच शून्य, तिसऱ्याच्या शेवटी ७, तिन्ही नजरेनेच बाद. चौथ्या पावलाला ८६,४३६ येते, २९४ चा वर्ग. उत्तर १०,८२१ × ११,४०९. दोन्हींत ३ लपलेला आहे, तो पुन्हा बाहेर काढावा लागला असता. काम दुप्पट.

पूर्ण वर्ग ओळखण्याचे नियम वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. शेवटचा अंक २, ३, ७, ८ कधीच नसतो. शेवटी शून्ये असली तर ती सम संख्येत असतात. विषम वर्गाचा दशकस्थानचा अंक सम असतो. अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणली (हे अंकमूळ) की १, ४, ७ किंवा ९ येते. आणि विषम वर्गाला ८ ने भागले की १ उरतोच. गंमत म्हणजे १२,३४,५६,७८९ पहिल्या सगळ्या कसोट्या पार करते: शेवटी ९, दशकस्थानी ८, अंकमूळ ९. फक्त शेवटची कसोटी तिला पकडते. ७८९ ला ८ ने भागल्यास ५ उरतात, म्हणून ती वर्ग नाही. कसोटीत नापास झाली तर संख्या नक्की वर्ग नसते, पण पास झाली म्हणून ती वर्ग असतेच असे नाही.

पायरी ५ : अवयव खरेच मूळ आहेत का

अवयव मिळाले म्हणजे ते मूळ असतीलच असे नाही. ३६०७ साठी ६०² = ३६००, म्हणून ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्यांनी भागून पाहावे. ३८०३ साठी ६१² = ३७२१, म्हणून ६१ सुद्धा घ्यायचा, एकूण १८. एकाही भागाकारात बाकी शून्य येत नाही. दोन्ही मूळ.

गुणाकाराचा ताळाही करा. ३६०७ चे अंकमूळ ७, ३८०३ चे ५, गुणाकार ३५, अंकमूळ ८. १,३७,१७,४२१ च्या अंकांची बेरीज २६, अंकमूळ ८. जुळले. ११ ची बाकी: ३६०७ ची १०, ३८०३ ची ८, गुणाकार ८०, ११ ने भागून ३ उरतात. १,३७,१७,४२१ चीही ३ च. जुळले.

तर पूर्ण फोड अशी:

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

संगणकावर पडताळायचे असेल तर लिनक्समध्ये ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन संख्या लिहिली की हेच चार अवयव ओळीने येतात. एक्सेलसारख्या तक्त्यात मात्र सांभाळा. तिथे पंधरा अंकांपर्यंतच संख्या अचूक राहते, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये बसतात आणि सूचनाही मिळत नाही. पायथनमध्ये पूर्ण संख्येला अशी अट नाही, पण भागाकाराला एक तिरकी रेघ दिली तर उत्तर दशांशात येते आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडतात. पूर्णांक भागाकाराला दोन रेघा द्यायच्या.

पायरी ६ : फोडीतून मिळणारे गुणधर्म

आता घातांकांवरून हिशेब करायचा. ३ चा घातांक २, बाकी दोघांचा १.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. ३ × २ × २ = १२. ते सगळे असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि खुद्द संख्या. पहिला गुणिले शेवटचा, दुसरा गुणिले शेवटून दुसरा, असे सहाही जोड्यांचे गुणाकार आपल्या संख्येइतके यायला हवेत. एखादा विभाजक सुटला असेल तर इथे कळते.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या वजा केली की ५,४९,६६,०२७. ही संख्येपेक्षा कमी आहे, निम्म्याहूनही कमी, म्हणून ती न्यून संख्या. परिपूर्ण संख्येत हे दोन्ही आकडे सारखे असतात, उदाहरणार्थ ६ = १ + २ + ३. इथे ९ साठी १ + ९ = १० धरणे ही नेहमीची चूक आहे. ९ म्हणजे ३ चा वर्ग, त्याचे विभाजक तीन, मधला ३ सोडायचा नाही.

सहमूळ संख्या: १ पासून आपल्या संख्येपर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा आपल्या संख्येशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही? ऑयलरच्या फाय फलनाने हे निघते. ९ साठी ९ − ३ = ६, मूळ अवयवांसाठी एक कमी: ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. अदमास घ्या: हा आकडा एकूणच्या दोन तृतीयांशाच्या किंचित खाली यायला हवा, कारण प्रत्येक तिसरी संख्या ३ मुळे बाद होते आणि मोठ्या दोन अवयवांमुळे फारच थोड्या.

दोन वर्गांची वजाबाकी: विभाजकांच्या सहा जोड्या आहेत, म्हणून सहा प्रकारे. त्यातला एक प्रकार, ११,११५² − २९४², वर आलाच.

पायरी ७ : वर्गांची बेरीज

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? फर्माने सांगितलेला आणि ऑयलरने सिद्ध केलेला नियम असा की ४ ने भागल्यावर ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव फोडीत सम वेळा असायला हवा. ३ दोनदा आहे, ठीक. पण ३६०७ ला ४ ने भागल्यास ३ उरतात आणि तो एकदाच आहे. ३८०३ चेही तेच. म्हणून शक्य नाही.

नवख्यांची इथे फसगत होते, कारण पूर्ण संख्येला ४ ने भागल्यास १ उरतो आणि मग जमेल असे वाटते. बाकी ३ असलेले दोन अवयव गुणले की बाकी १ होते. म्हणून फोड केल्याशिवाय हा निर्णय देऊ नये.

तीन वर्गांची? लेजांड्रच्या प्रमेयानुसार विषम संख्येला ८ ने भागल्यावर ७ उरत नसतील तर जमते. आपल्याकडे ५ उरतात, म्हणजे जमलेच पाहिजे. पण कोणते तीन वर्ग हे प्रमेय सांगत नाही, शोधावे लागतात. जवळच्या वर्गापासून सुरुवात करू. संख्येचे वर्गमूळ १,००,००० ÷ ९ च्या जवळ, म्हणजे ११,१११ आणि थोडे. ११,१११² = १२,३४,५४,३२१. उरले २४६८.

आता २४६८ चे दोन वर्ग. २४६८ = ४ × ६१७. ६१७ ही मूळ संख्या, ४ ने भागल्यास १ उरतो, म्हणजे दोन वर्ग नक्की आहेत. ६१७ मधून वर्ग वजा करत जा: ३६१ वजा केल्यावर २५६ उरतात, १६ चा वर्ग. ६१७ = १९² + १६². ४ चे वर्गमूळ २, त्याने दोघांना गुणले:

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

वहीत ही ओळ चौकटीत लिहावी इतकी देखणी आहे. पहिल्याच प्रयत्नात उरलेली संख्या अशी सोयीची निघेल असे नाही. नाही निघाली तर ११,११० घ्या, मग ११,१०९, असे खाली उतरत जा. (चार वर्गांत तर प्रत्येक संख्या बसते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले.)

पायरी ८ : अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

वरचे सगळे गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत, ती कशीही लिहिली तरी तेच राहतात. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत आपली संख्या १११०१०११०११११००११०१०००१०१०१ अशी दिसते, २७ अंक, त्यात १६ वेळा १. तरीही विभाजक बाराच. काही गुणधर्म मात्र दशमान लिखाणाचे असतात, आणि तिथे डहाणूला जन्मलेल्या, देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे (१९०५ ते १९८६) काम डोळ्यांसमोर येते.

आत्ताच भेटलेली १२,३४,५४,३२१, म्हणजे नुसत्या १ नी बनलेल्या ११,१११ चा वर्ग, ही त्यांची डेम्लो संख्या. मुंबईपासून तीसेक मैलांवरचे जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे डेम्लो स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली, त्यावरून त्यांनी हे नाव दिले. आपली संख्या या डेम्लो संख्येच्या २४६८ पुढे आहे.

हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. आपल्या अंकांची बेरीज ४५. ९ ने भाग जातो पण ५ ने नाही, म्हणून ती हर्षद नाही. शेवटी एक शून्य लावा: १,२३,४५,६७,८९० ÷ ४५ = २,७४,३४,८४२. बेरीज बदलली नाही, ५ ची अडचण गेली, आणि संख्या हर्षद झाली.

स्वयंभू संख्येची तपासणी थोडी कौशल्याची आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या मिळते का, हे पाहायचे. अशी जनक संख्या नसेल तर संख्या स्वयंभू. सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. नऊ अंकांची बेरीज जास्तीत जास्त ८१, म्हणून जनक १२,३४,५६,७०८ च्या खाली असू शकत नाही. म्हणजे पहिले सात अंक १२३४५६७ ठरलेच, त्यांची बेरीज २८. पूर्ण बेरीज २८ ते ४६ मध्ये येईल. शिवाय संख्या आणि तिची अंकबेरीज यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते. दोघांच्या बेरजेला ९ ने भाग जायचा असेल तर अंकबेरीज ९ च्या पटीतच हवी. उरले फक्त ३६ आणि ४५. ३६ वजा केल्यास १२,३४,५६,७५३ येते आणि तिच्या अंकांची बेरीज २८ + ५ + ३ = ३६. जमले. ४५ वजा केल्यास १२,३४,५६,७४४, बेरीज ३६, जमत नाही. म्हणजे जनक एकच, आणि आपली संख्या स्वयंभू नाही.

आणखी एक पाहण्यासारखे. २, ४, ५, ७ किंवा ८ ने गुणले की उत्तरात पुन्हा १ ते ९ हेच नऊ अंक एकेकदा येतात: दुप्पट २४,६९,१३,५७८, सातपट ८६,४१,९७,५२३. ३ ने गुणले तर मात्र ३७,०३,७०,३६७. ज्या गुणकात ३ आहे तिथे हे चालत नाही.

पायरी ९ : उलटी संख्या

हाच क्रम आता ९८,७६,५४,३२१ वर चालवा. दोघींचा मसावि आधी काढू. आठपट १२,३४,५६,७८९ म्हणजे ९८,७६,५४,३१२. उलट्या संख्येत फक्त ९ जास्त. म्हणजे युक्लिडच्या रीतीने पहिल्याच भागाकारात बाकी ९, आणि ९ ने आपल्या संख्येला पूर्ण भाग जातो. मसावि ९. फोड माहीत नसतानाही दोन ओळींत.

याच ओळीतून दुसरे फळ मिळते. १२,३४,५६,७८९ ची १७ ने बाकी १ होती. आठपटीची ८, त्यात ९ मिळवले की १७. म्हणजे उलट्या संख्येला १७ ने भाग जातो, आणि त्यासाठी भागाकार करावाच लागला नाही. भागून पाहा: ५,८०,९७,३१३. पुन्हा १७ तपासा, हे विसरायचे नाही: ३४,१७,४८९. तिसऱ्यांदा भाग जात नाही. ९ बाहेर काढा: ३,७९,७२१.

आता हिच्यावर फर्माची रीत चालवली तर निष्कारण दमाल. ही संख्या मूळ आहे आणि मूळ संख्येवर ती रीत शेवटच्या टोकापर्यंत चालत राहते. इथे सरळ भागायचे. ६१६² = ३,७९,४५६ आणि ६१७² = ३,८०,६८९, म्हणून ६१३ पर्यंतच्या ११२ मूळ संख्या. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ कसोट्यांनीच जातात (७२१ − ३७९ = ३४२, त्याला ७, ११, १३ पैकी कोणानेच भाग जात नाही) आणि १७ आधीच झाला. उरलेल्या १०५ साठी वहीचे एक पान आखा. एका रकान्यात भाजक, दुसऱ्यात भागाकार, तिसऱ्यात बाकी. प्रत्येक दहा ओळींनंतर एखादी ओळ उलटी गुणून पाहा. बाकी भाजकापेक्षा मोठी किंवा त्याच्याइतकी आलेली दिसली तर ती ओळ पुन्हा करा.

९८,७६,५४,३२१ = ३ × ३ × १७ × १७ × ३,७९,७२१, विभाजक ३ × ३ × २ = १८.